माणसासमोर सुनावणी

खुर्चीच्या हातावरच्या पट्टीवर मनगट ठेवताच हेमलता कुडाळकरांची छाती धडधडू लागली. कर कार्यालयातलं यंत्र नाडीवरून खोटं ओळखायचं, आणि भीतीलाही ते खोटंच समजायचं. त्यांच्या शिवणाच्या दुकानाशेजारच्या बेकरीला असंच टाळं लागलं होतं.

"शिवणकामाचं उत्पन्न लपवलंत?" यंत्राने विचारलं.

"नाही."

पडदा लाल झाला. नव्या कायद्याने दिलेला हक्क त्यांना आठवला. "मला माणसासमोर बोलायचंय," त्या कशाबशा म्हणाल्या.

एक तरुण अधिकारी आला. त्याने सगळ्या पावत्या तपासल्या, यंत्राचा निकाल खोडला आणि सही केली.

"बाई, तुम्ही सुटलात. लवकर निघा," तो कुजबुजला. "निकाल खोडला की लगेच इथेच माझी चौकशी लागते."

हेमलताबाई दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"मी साक्षीला थांबते," त्या म्हणाल्या.