खेकड्याचा चिमटा

सहारा, अ‍ॅमेझॉन, दक्षिण ध्रुव, सगळं मुलांनी शाळेच्या दालनात पाहिलं होतं. तिथल्या भिंतींतून वारा यायचा, वासही यायचा. प्राणी मात्र नुसत्या प्रकाशाचे, त्यामुळे दिसेल त्याच्या पोटातून हात आरपार घालायचा, हाच मुलांचा नमस्कार होऊन बसला होता.

आज हेमांगीबाईंनी पहिल्यांदाच दालनाचं मागचं दार उघडलं. बाहेर खाडी होती आणि काठाला नव्यानं वाढवलेलं कांदळवन. त्यातली कितीतरी रोपं बाईंनी तरुणपणी स्वतः चिखलात उतरून लावली होती. दालनाला सरावलेल्या पोरांना हे आवडेल का, याची त्यांना काळजी वाटत होती.

मुलं बाहेर धावली. त्यांतल्या चार्वीला एक लाल खेकडा दिसला. तिनं सवयीनं त्याच्यात हात घातला आणि किंचाळली. खेकडा बिळात पळाला. तिच्या बोटावर रक्ताचा थेंब आला होता.

“बाई, हा बिघडलाय,” मागून कुणीतरी म्हणालं.

बाईंनी धावत येऊन तिचं बोट रुमालात गुंडाळलं. “चल बाळा, आत जाऊ.”

चार्वी जागची हलेना. रडता रडताच ती बिळापाशी वाकली.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “त्याला मी दिसले.”