वाढत्या अंगाचा

शाळा उघडायच्या आधी प्रत्येक आई शिंप्याला एकच सांगायची, "मास्तर, वाढत्या अंगाचा शिवा हं." ही बाई मात्र म्हणाली, "लेकीचा स्कर्ट अगदी मापात शिवा. खाली दुमड नको."

शिंपी उखडलाच. "अहो ताई, या वयाची पोर वर्षात चार बोटं वाढते. चाळीस वर्षांत माझा अंदाज चुकलेला नाही. उद्या गुडघे उघडे पडले की माझ्याच नावानं खडे फोडाल!"

डोक्याला घट्ट स्कार्फ बांधलेली पोर आरशासमोर गिरक्या घेत होती. तिच्याकडे बघत बाई हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षाचा अंदाज डॉक्टरही सांगत नाहीत, मास्तर."

शिंप्यानं टेप गुंडाळली.

चार दिवसांनी स्कर्ट न्यायला आलेल्या बाईनं त्याची कड उलटून पाहिली. आत चांगली चार बोटं दुमड होती.

"मी नको म्हटलं होतं ना?"

"ऐकलं होतं," मशीनवरून मान वर न करता शिंपी गुरगुरला. "पुढच्या वर्षी उसवायला आणा. आणि पोरीला बरोबर आणायचं. समोर उभी केल्याशिवाय मी माप घेत नाही."