इंजिन गरम का?

जुनी स्कूटर घेताना पहिली किक थंड इंजिनावर मारायची, गरम इंजिन काय, कुणाचंही सुरू होतं, असं मेकॅनिकनं त्याला बजावलं होतं. लेकीला चालता येत नाही, शाळा लांब, आणि मागची गाडी दोनदा भर रस्त्यात बंद पडलेली. हे सगळं फोनवर सांगून त्यानं गाडी विकणाऱ्या बाईंना विनवलं होतं, "मी येईपर्यंत चालू करू नका."

इंजिनला हात लावला, तर चटका बसला.

"ताई, शब्द दिला होतात. काय लपवताय?"

"हळू बोला हो दादा," त्या आतल्या खोलीकडे बघत पुटपुटल्या.

संशय पक्का झाला. रागातच त्यानं किक मारली. गाडी सुरू झाली आणि आतून म्हातारा आवाज आला, "सूनबाई, आत्ताच गेला ना तो? परत कसा आला?"

"डबा विसरले होते, आई. निघाले बघा."

मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "यांना जाऊन वर्ष झालं. सांगितलेलं आईंच्या लक्षात राहत नाही, पण साडेआठला हा आवाज आला नाही, तर त्या घासही घेत नाहीत. या गाडीनं एकदाही दगा दिला नाही. आता घर चालवायला विकावीच लागतेय."

त्यानं हळूच गाडी बंद केली.



"चार गिऱ्हाइकं परत पाठवली, दादा. लेकीच्या शाळेची वाट याच दारावरून जाते, म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही तरी रोज वेळेवर याल ना?"