लवंगेचा धूर

चौथ्यांदा ढास लागली तेव्हा किनासिहने दानूला उचलून खांद्यावर घेतलं आणि ती पाठीवर थापटत खोलीत फेऱ्या मारायला लागली. उभा धरला की पोर शांत. खाली ठेवून लोड कुशीत दिला की थोड्या वेळाने पुन्हा सुरू. दोन वर्षांचं पोर, दिवसभर कोंबड्यांमागे धावायचं, ठणठणीत. आडवं झालं की खोकला. दोन महिने हेच चाललं होतं.

लाल कांदा ठेचून, खोबरेलात कालवून छातीला चोळून झाला. मध चाटवून झाला. शेजारणीने सांगितलं म्हणून नाण्याने पाठ घासून झाली. त्यात पोर नुसतं कळवळलं. नवरा दूर कालिमंतानच्या खाणीवर. त्याला फोनवरून सल्ले द्यायला काय जातं?

रडून थकला की दानू तो लोड छातीशी धरून नाक त्यात खुपसायचा. तेवढाच त्याला आधार, म्हणून ती तो हौसेने जवळ सरकवायची. दानू पोटात असताना, सातव्या महिन्यात तिने तो स्वतः भरला होता. मागच्या झाडाची सावरीची बोंडं तिच्या वडिलांनी, विर्योंनी, काठीने पाडून दिली होती. खोळ शिवली ती गेलेल्या आईच्या, पोपटांची नक्षी असलेल्या बाटिक कापडाची. सावरीचा कापूस भिजला की गोळे होतात, म्हणून असा लोड कोणी धुवत नाही. ऊन दाखवायचं, बडवून धूळ झटकायची, झालं. विर्यो म्हणायचे, "याच्या वासावर पोर चुकलं तरी घरी येईल."

अखेर तिने दानूला आरोग्य केंद्रात नेलं. नर्सबाईंच्या हातात प्रश्नांचा लांबलचक कागद होता.

"घरात कोणी सिगारेट ओढतं?"

एवढं विचारायची खोटी, किनासिह बोलत सुटली. वडील, लवंगेच्या सिगारेटी, दिवसाला पाकीट, चाळीस वर्षं. बोलता बोलता तिला रडू आलं. नर्सबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि तिला पाणी दिलं. बाहेर रांग वाढली होती. पुढचे प्रश्न राहूनच गेले.

घरी आल्यावर तिने बापाला सांगितलं. विर्यो ओसरीवर ओढायचे, ते अंगणातल्या पेरूखाली गेले. आठवडाभराने फाटकाबाहेर.

"आता आणखी पुढे सरकलो तर रस्त्यावरची मोटार अंगावरून जाईल," ते म्हणाले. "मग तरी थांबेल का गं याचा खोकला?"

"बाबा, मी चेष्टेच्या मूडमध्ये नाही."

"मीही नाही."

ते अंघोळ करून, शर्ट बदलूनच नातवाला घ्यायला लागले. तरी रात्र तशीच. एका पहाटे दानूचे ओठ निळसर दिसल्यासारखे वाटले आणि किनासिहचा तोल गेला. "तुमच्या अंगातच मुरलाय तो धूर! पोर गेल्यावर सोडणार का?"

 सकाळी विर्यो थैली काढून बसले. "मुर्नीकडे जातो," म्हणाले. मुर्नी म्हणजे किनासिहची धाकटी बहीण, दूर तेगलला असते. "मोठा झाला की येईन बघायला."

तिने थांबवलं नाही. थांबवावंसं फार वाटलं, पण रात्र आठवली. दानूला वाटलं, म्बाह, म्हणजे आजोबा, काहीतरी खेळ मांडून बसलाय. त्याने आजोबांच्या थैलीत चमचा टाकला, काढला, मग आपली एक चप्पल टाकली. बस सुटेपर्यंत विर्यो त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

त्याच दिवशी तिने खोली धुवून काढली. पडदे उकळले, भिंती पुसल्या, बापाची चटई जाळली. त्या आवराआवरीत चमचा, चप्पल, लोड, काय काय गायब झालं त्याचा पत्ता नाही. दानू दोन रात्री हट्टाने रडला, मग तिच्या दंडावर डोकं ठेवून झोपायला लागला.

आणि तिसऱ्या आठवड्यात खोकला गेला. साफ. एकदाही नाही. किनासिह सवयीने उठून बसायची आणि त्याचा सरळ श्वास ऐकत राहायची. आपण बरोबर होतो, याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण सकाळी कॉफी करताना हात अजून दोन पेले काढायचा.

विर्यो फोनवर यायचे नाहीत. पोराचा चेहरा दिसला की पाय तिकडे वळतील, म्हणायचे.

रोजे संपत आले तेव्हा एका दुपारी मुर्नीचा व्हिडिओ कॉल आला. दानू मांडीवर होता.

"ताई, ईदला बाबांना पाठवू ना? तोंडाने म्हणत नाहीत, पण कपडे केव्हाचे धुवून ठेवलेत."

किनासिहने दानूला मांडीवर सावरलं. "या वर्षी नको, मुर्नी. पोर आत्ता कुठे झोपायला लागलंय. सिगारेट सोडू देत आधी."

"सिगारेट?" मुर्नी म्हणाली. "अगं, तुझ्याकडून निघाले त्याच दिवशी पाकीट बसच्या कंडक्टरला देऊन टाकलं. त्यानंतर एक ओढली नाही. ताईला सांगू नकोस, म्हणाले होते. तिला वाईट वाटेल म्हणून."

किनासिहने मोबाइल जवळ ओढला. "मग आता बरे आहेत ना?"

"कसले बरे? आल्यापासून खोकला धरलाय. दिवसा ठणठणीत, आडवे झाले की सुरू. थांब, दाखवते."

मोबाइलवरचं चित्र हललं. खिडकीखाली चटईवर विर्यो कुशीवर झोपले होते, गुडघे पोटाशी घेऊन. अंग खोकल्याने गदगदत होतं, तरी हातातली वस्तू ते छातीशी घट्ट धरून होते आणि नाक तिच्यात खुपसलेलं होतं.

दानूने मोबाइलवर बोट ठेवलं. "पोपट," तो म्हणाला. "माझा लोड."