राखून ठेवलेलं रक्त

"रक्त द्यायच्या आधीच्या आठवड्यात तुमचं पोट बिघडलं होतं का?" घरी आलेल्या रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

ताईने पाण्याचा ट्रे त्यांच्यापुढे धरला.

लंबूला जाऊन दोन आठवडे झाले होते. तिचा धाकटा भाऊ. त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. दोघांचा रक्तगट एकच आणि तोही सहजासहजी न मिळणारा, म्हणून ताईने चार आठवडे आधीच रक्त देऊन ठेवलं होतं. "ताई, तुझं रक्त म्हणजे आता माझ्याही नाकावर राग बसणार," असं म्हणत तो स्ट्रेचरवरून हसत आत गेला. ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या रक्ताची पिशवी लावली आणि वीस मिनिटांत त्याला हुडहुडी भरली. दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"पण रक्त तर फ्रिजमध्ये होतं ना?" ताईने विचारलं.

"हो, चार अंशांवर. बहुतेक जंतू त्या थंडीत निपचित पडतात. तुमच्या पिशवीत सापडलेला हा जंतू पडत नाही. पोटातून रक्तात उतरतो आणि गारठ्यातही हळूहळू वाढत राहतो. त्याचं विष साठत जातं. बाहेरून पिशवी चांगलीच दिसते." डॉक्टरीणबाईंनी रक्तदानाचा फॉर्म पुढे केला. "फॉर्मवर तुम्ही 'नाही' लिहिलंय."

दोन दिवस जुलाब झाले होते. गोळ्या घेऊन ते थांबले. फॉर्म भरताना तिचं पेन त्या रकान्यावर अडखळलं होतं. खरं लिहिलं तर परत पाठवतील, ऑपरेशन पुढे जाईल, आणि लंबूला तर जिना चढतानाही धाप लागत होती. तिने कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

"बिघडलं होतं," ताई कशीबशी म्हणाली. "दोन दिवस. मीच ते..."

"तिला काय विचारता?" दाराशी उभी असलेली आई पुढे आली. तिने ताईच्या हातातून ट्रे काढून घेतला. "ती खरं तेच लिहिणार होती. मीच म्हटलं, 'नाही' लिही, उगाच परत पाठवतील. जे काही असेल ते माझ्या नावावर लिहा."

ताई आईकडे बघतच राहिली. ताईचं पोट बिघडल्याचं आईला आत्ता, या खोलीत, पहिल्यांदाच कळलं होतं.