मोरचुदाचा डबा

साल एकोणीसशे एकाहत्तर. शाळा उघडायला तीन आठवडे होते. बाइंडिंगच्या कारखान्यात वह्यांच्या थप्प्या खिडकीच्या वर गेल्या होत्या, आणि कापायच्या यंत्राखालच्या टोपलीत मांजरी ताठ होऊन थरथरत होती.

तिचं नाव कात्रण. कागदाच्या कात्रणांच्या त्याच टोपलीत ती स्वतः जन्मली होती आणि अकरा दिवसांपूर्वी तिथंच तिला चार पिल्लं झाली होती. पिल्लं टुणटुणीत, आईची मात्र हाडं मोजून घ्यावीत. सकाळी ती अडखळत चालत होती. दुपारी पिल्लांना सोडून भिंतीकडे तोंड करून बसली. आता चारही पाय काठीसारखे झाले होते.

"गेली ही," मालक म्हणाले. "मोरचूद चाटलं असणार. चिकटराव, डबा उघडा ठेवलात ना पुन्हा?"

चिकटराव म्हणजे वह्या चिकटवायची खळ शिजवणारे म्हातारबुवा. नमस्कार केला की त्यांचे हात सुटत नाहीत, अशी त्यांची थट्टा व्हायची. खळीला झुरळं लागू नयेत म्हणून ते तिच्यात मोरचूद घालत. निळे सुंदर खडे, पण जहर. त्या धंद्यात एखादं जनावर अचानक मेलं की पहिलं बोट त्या डब्याकडे जायचं. माणूस मेलं तरी.

"ठेवला असेल," चिकटराव म्हणाले. "आता आठवत नाही. पण माझ्याच हातून झालं असणार." ते स्टुलावर बसले ते उठेचनात.

मालकांनी पोतं आणायला सांगितलं.

अक्का टोपलीशेजारीच पुस्तकं शिवायला बसलेली असे. सोळा वर्षं ती तिथं होती, पण त्या डब्याला तिनं कधी हात लावला नव्हता. चिकटराव तापानं पडले तरी खळ दुसऱ्या कुणी करायची. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. अक्काचे वडील बाइंडरच होते, आणि अक्का नऊ दिवसांची असताना तिची आई त्यांच्या डब्यातलं मोरचूद खाऊन गेली होती. मुलगी झाली म्हणून जीव दिला, असं घरात बोलत. अक्का ते ऐकत ऐकत वरच्या दुधावर वाढली. आईचा फोटो वडिलांनी ट्रंकेच्या तळाशी घातला तो पुन्हा वर आला नाही. वाढदिवस कधी असतो म्हणून कुणी विचारलं, तर अक्का सुईत दोरा ओवत राहायची.

तिनं सुई खाली ठेवली.

"पोतं इकडे द्या."

"अगं, आता काय उपयोग?"

"मेल्यावर तुम्ही म्हणाल तिथं टाकते. अजून मेलेली नाही."

तिनं मांजरीला पोत्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि ती दोन गल्ल्या पलीकडे गुरांच्या डॉक्टरकडे निघाली. चिकटराव मागून अनवाणीच आले.

डॉक्टरांनी मांजरीच्या अंगावर हात ठेवला. अंग तव्यासारखं तापलं होतं.

"काय खाल्लं हिनं?"

"मोरचूद," चिकटराव म्हणाले. "चूक माझी आहे."

"उलटी झाली?"

चिकटरावांनी अक्काकडे पाहिलं.

"नाही," अक्का म्हणाली. "सकाळपासून मी तिच्याजवळच बसलेय. एकदासुद्धा नाही."

"मग मोरचूद कसलं? ते पोटात गेलं की आधी आतडी पिळवटून उलटी काढतं. उलटीशिवाय मोरचुदानं मेलेलं मी अजून पाहिलेलं नाही. पिल्लं आहेत का?"

"चार. अकरा दिवसांची."

"आणि गलेलठ्ठ असतील." डॉक्टर तोवर इंजेक्शन भरत होते. "अंगातलं होतं नव्हतं ते कॅल्शियम दुधातून पिल्लांना देऊन बसलीय. विष नाही हे, बाळंतिणीचं दुखणं आहे. तासभर उशीर केला असता तर हातची गेली असती."

त्यांनी औषध शिरेतून अगदी सावकाश दिलं, दुसऱ्या हाताची बोटं तिच्या काळजावर ठेवून. थोड्या वेळानं एक पाय दुमडला, मग दुसरा. मग कात्रण डॉक्टरांच्या अंगठ्याला चावली.

"झाली बरी," अंगठा चोखत ते म्हणाले. "पिल्लांना आज तिच्यापासून लांब ठेवा. ड्रॉपरनं वरचं दूध पाजा."

चिकटराव बाहीनं डोळे पुसत होते. अक्का दारापर्यंत जाऊन थांबली.

"डॉक्टर, असं बाईमाणसाला होतं?"

"बाळंतिणींना झटके येतात कधीकधी. त्यांची कारणं निराळी, ते माणसांच्या डॉक्टरला विचारा. पण मोरचुदाचं म्हणाल, तर माणसाचं पोटही तसंच उलटतं."

कात्रण पुढं नऊ वर्षं जगली. तिची तीन पिल्लं लोकांनी नेली, चौथं कारखान्यातच राहिलं. चिकटराव डोळे जाईपर्यंत खळ शिजवत होते आणि डबा बंद केला की "झाकण लावलंय" असं सगळ्यांना ओरडून सांगत. मालकांनी पुढं कारखाना विकला. डॉक्टरांची बदली झाली, पण जाताना अंगठ्यावरचा वण दाखवायला ते मुद्दाम येऊन गेले.

अक्का त्या संध्याकाळी काम सुटल्यावर घरी गेली नाही. बस धरून ती गावाच्या दुसऱ्या टोकाला म्हाताऱ्या आत्याकडे गेली. चपला न काढता उंबऱ्यातच उभी राहिली.

"आत्या, आईला उलटी झाली होती का?"

आत्यानं निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारले.

"नाही गं. उलटी कसली? डबा उघडा सापडला म्हणून सगळे तसं म्हणाले. ती नुसती ताठ व्हायची आणि थरथरायची. तू पडशील म्हणून मीच तुला तिच्या कुशीतून काढून घेतलं. तर झटका ओसरला की दोन्ही हात पुढं करायची. शेवटपर्यंत तुलाच मागत होती."