एकोणपन्नासावं मत

उरुग्वेतल्या वाचनालयांसाठी आम्ही मिळून लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये मी बनवलेलं शोधाचं बटण ठेवायचं की काढायचं, यावर चोवीस विरुद्ध चोवीस मतं पडली. हरणारे वेगळी चूल मांडणार होते. कामाला हातभार लावणाऱ्या प्रत्येकाला मत, हा नियम. यादीत एकच नाव उरलं: नेलिदा ओसोरेस. सहा वर्षांपूर्वी तिने प्रोग्रॅम वापरायच्या सूचनांमधली एक चूक सुधारली होती. ही आहे तरी कोण, म्हणून तिच्या गावाची, ताकुआरेम्बोची बस पकडली. नेलिदाबाई तिथल्या म्हाताऱ्या ग्रंथपाल निघाल्या. मत मागितलं, तर काखेतला थर्मास सावरत म्हणाल्या, “कुठलं रे बटण?” मी वाचनालयातल्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट नेलं. बटणाच्या जागी जखमेवर लावायची चिकटपट्टी होती. “ते होय? पोरं दाबायची, कॉम्प्युटर अडकायचा. झाकून टाकलं.” “आम्हाला कळवलं नाहीत?” “कळवलं की. चर्चा चालू आहे म्हणाले.” पट्टीचा सुटलेला कोपरा मी अंगठ्याने दाबून बसवला.